पुतणीची उमेदवारी

आमच्या दादांची धाकटी मुलगी अमेरिकेंत डॉक्टर झाली. पुढील तीन वर्षांच्या उमेदवारीसाठीं तिनें नामांकित इस्पितळ सोडून गरीब वस्तींतला दवाखाना पत्करल्याचें पत्र आलें, तेव्हां घरांत सर्वांचा हिरमोड झाला. “एवढें शिकून शेवटीं दवाखानाच!” असें दादा बोलूनहि गेले. खरें सांगायचें तर मीहि मनांतून त्यांच्याच पक्षाचा होतों.

तिच्या दुसऱ्या पत्रानें उलगडा झाला. तेथें १९६५ च्या मेडिकेअर कायद्यापासून या शिक्षणाचा पैसा मुख्यतः इस्पितळांकडे जातो. आणि डॉक्टर जेथें शिकतो त्याच्या आसपासच बहुधा बस्तान बसवितो. खेडीं व गरीब वस्त्या उपेक्षित राहिल्या त्या यामुळेंहि. २०१० च्या कायद्यानें मात्र अशा दवाखान्यांनाच डॉक्टर व दंतवैद्य तयार करण्यासाठीं द्रव्य मिळूं लागलें. सकाळीं मधुमेही आजोबा, दुपारीं त्यांचीच सून नि नातवंडें! एकच कुटुंब तीन वर्षें पाहावयास मिळतें, असें ती लिहिते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना याचें मोल निराळें सांगावयास नको.

एक काळजी मात्र उरतेच. उमेदवारी तीन वर्षांची, पण या योजनेचा पैसा तेथील कायदेमंडळानें अनेकदां वर्षा-दोन वर्षांपुरता, कधीं तर कांहीं महिन्यांपुरताच मंजूर केला आहे. मग नवी जागा काढण्याचें धाडस दवाखान्यानें करावें कसें? कारकूनहि आपण असा नेमीत नाहीं!

परवां दादांनीं हळूच विचारलें, “तिच्या दवाखान्याला पुढच्या सालीं पैसा मिळेल ना रे?” मीं तिला तसें लिहिलें आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.