वाळू आणि लोणी

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतील कँपेर शहरात, एक वृद्ध विधवा दर शनिवारी सकाळी घरी साब्ले भाजते. साहित्य मोजकेच: २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, तितकीच साखर आणि एक अंडे. लोणी मात्र खारेच हवे, यावर तिचा कटाक्ष. हा केवळ रुचीचा हट्ट नव्हे. राजेशाहीच्या काळात फ्रान्सच्या मोठ्या भागावर 'गाबेल' हा मिठावरील जाचक कर होता; ब्रिटनी त्यातून मुक्त होती. १७९० साली क्रांतीने गाबेल मोडीत काढली, तोवर लोण्यात सढळ हाताने मीठ मिसळण्याची रीत तेथील जिभेत पुरती मुरली होती.

'साब्ले' म्हणजे वाळूसारखे. कोणी या नावाचा संबंध सार्त नदीकाठच्या साब्ले गावाशी जोडतात. स्वयंपाकघर मात्र वाळूचाच अर्थ जाणते. मराठी कानाला हे नाव खटकते, कारण घासात वाळू लागणे हा आपल्याकडे दोष. याच पोताचे कौतुक करायचे तर मराठी 'रवाळ' म्हणते. ती धान्याकडे पाहते, फ्रेंच किनाऱ्याकडे. क्रिया मात्र दोन्हीकडे एकच. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळले की स्निग्धता कणाकणाला वेढते, ओलावा आत शिरत नाही, आणि पिठाचे चिवट जाळे धरत नाही. फरक परीक्षेत आहे. मोहनाच्या पिठाची मूठ वळली पाहिजे. साब्लेचे पीठ बोटांतून कोरडे झरले पाहिजे.

ही परीक्षा बोटांची, आणि आजारानंतर त्या वृद्धेच्या बोटांची संवेदना गेली होती. लोण्याचे खडे शिल्लक आहेत की नाहीत, हे तिला उमजेना. ती चोळतच राही. हाताच्या उबेने लोणी वितळे आणि बिस्किटे दगडासारखी निघत. पॅरिसहून आलेल्या मुलीने वजनकाटा आणला, घड्याळ लावून मिनिटे मोजली. पण वाळू किती मिनिटांत होते, याचे उत्तर कोणत्याही घड्याळाजवळ नव्हते.

या घरात आणखी एक गोष्ट अशीच हातातून निसटली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनीच्या शाळांतून ब्रेतों बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात अपमानाची खूण अडकवीत. वृद्धेच्या आईने ती खूण बाळगली होती. पुढे तिने ब्रेतों भाषा स्वयंपाकघरापुरती ठेवली. लोण्याला ती 'आमान' म्हणे. वृद्धेने तर आपल्या मुलीशी त्या भाषेत एक शब्दही उच्चारला नाही. मुलीचे भले व्हावे एवढाच तिचा हेतू होता, आणि लौकिक अर्थाने भले झालेही.

नात मात्र दिवान शाळेत जाते. १९७७ साली सुरू झालेल्या या शाळांचे माध्यम ब्रेतों. 'दिवान' म्हणजे अंकुर. एका शनिवारी आजीने तिच्यासमोर परात सरकवली आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळायला सांगितले. स्वतः ती खुर्चीत बसून राहिली. थोड्या वेळाने मुलीने ओंजळ उचलली. पीठ झरझर खाली पडले. "त्रेझ," ती म्हणाली. ब्रेतों भाषेत त्रेझ म्हणजे वाळू, किनाराही.

आजी क्षणभर गप्प राहिली. मग तिने अंडे फोडायला सांगितले, आणि ते ब्रेतोंमधून. पीठ जेमतेम गोळा होईल इतकेच हलवायचे, तासभर थंड जागी ठेवायचे, अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे लाटायचे, वर पिवळा बलक लावून काट्याने रेघा ओढायच्या: सगळे ती त्याच भाषेत सांगत गेली. कुठे शब्द अडला तर नात शाळेतला शब्द पुढे करी. कधी तो आजीला पटे, कधी न पटे.

मधल्या पिढीची ती मुलगी वजनकाट्यापाशी उभी होती. तिला काहीच कळत नव्हते. आई आणि लेक यांच्यामध्ये आपण उभ्या आहोत आणि बोलणे आपल्यावरून निघून जाते आहे, एवढेच तिला जाणवत होते. १८० अंशांवर पंधरा मिनिटांत ताट सोनेरी होऊन बाहेर आले. तिने एक बिस्किट उचलले. ते मऊ होते, हातातच मोडले.

"थांब," आई तिला फ्रेंचमध्ये म्हणाली, "निवल्यावर घट्ट होतात."

ती थांबली. मग तिने आपल्या लेकीला लोण्याचा तो शब्द पुन्हा एकदा, सावकाश उच्चारायला सांगितला.