एका दमात किती लिहायचं

डिस्कवर लिहिणं म्हणजे बहुतेक प्रोग्रॅमरसाठी तीन गोष्टी: बफर द्यायचा, जागा सांगायची, लांबी सांगायची. त्या लांबीला काही हद्द असेल असं मनातही येत नाही, कारण कर्नल ते परस्पर सांभाळून घेतं. लिनक्समध्ये एका राइट कॉलमधून जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट लिहिले जातात, म्हणजे दोन जीबीला चार केबीचं एक पान कमी. त्याहून मोठा बफर दिला तर तेवढं लिहून होतं आणि किती लिहिलं तो आकडा परत मिळतो. उरलेलं पुन्हा पाठवायचं, विषय संपला.

व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला असा विषय संपवता येत नाही. वर गेस्ट आहे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारी सिस्टिम; त्याला वाटतं आपल्यासमोर खरी डिस्क आहे. खाली होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, जी खरी डिस्क आहे तिच्या स्वतःच्या अटी आहेत. गेस्टनं एक रिक्वेस्ट पाठवली की तिला एकच उत्तर द्यायचं: झालं, किंवा नाही झालं. ‘थोडं झालं’ असं डिस्क कधी म्हणत नाही, म्हणून आम्हालाही म्हणता येत नाही.

खालच्या अटी येतात कुठून हे समजून घेण्यात मला आजही रस वाटतो, कारण प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी खरी अडचण असते. स्कझीच्या दहा बाइटी राइट कमांडमध्ये लांबी लिहायला सोळाच बिट आहेत, म्हणून ६५,५३५ ब्लॉकच्या पुढे जाता येत नाही. एनव्हीएमईचा कंट्रोलर आपली मर्यादा मेमरीच्या पानांच्या हिशेबात, दोनच्या घातात सांगतो. नेटवर्कवरून डिस्क देणाऱ्या एनबीडीत दोन्ही बाजूंचं आधी काही ठरलेलं नसेल, तर ३२ एमबीच्या वर जाऊ नये असा संकेत आहे. कुणी सेक्टरमध्ये बोलतं, कुणी केबीत, कुणी पानांत. लिनक्समध्ये तर एकच विचारणा नेहमीच्या डिस्क-डिव्हाइसला केली की उत्तर सेक्टरमध्ये येतं आणि स्कझीच्या जेनेरिक डिव्हाइसला केली की बाइटमध्ये. त्यात ‘शून्य’ या उत्तराचा अर्थ बहुतेक वेळा ‘मर्यादा नाही’ असा असतो. दोन थरांच्या मर्यादांतली लहान निवडताना साधी तुलना केली तर हे शून्यच निवडलं जाईल. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमूच्या कोडमध्ये यासाठी शून्य वगळून लहान आकडा काढणारा वेगळा मॅक्रो आहे. एवढासा आहे, पण तो वापरायला विसरलेला पॅच मी पुढे जाऊ देत नाही.

आकडा हातात आला तरी तो तसाच वापरायचा नसतो. ६५,५३५ ब्लॉक गुणिले ५१२ बाइट म्हणजे ३२ एमबीला एक सेक्टर कमी. या मापानं तुकडे पाडले तर दुसरा तुकडा चार केबीच्या सीमेवर सुरू होत नाही. आतून चार केबीचे सेक्टर असलेल्या डिस्कला मग सीमेवरचा सेक्टर आधी वाचावा लागतो, त्यात बदल करावा लागतो आणि तो पुन्हा लिहावा लागतो. तक्रार येते ती ‘मोठे राइट हळू आहेत’ एवढीच. म्हणून मर्यादा आधी खाली उतरवून ६५,५२८ करायची. सात ब्लॉक सोडले, पण प्रत्येक तुकडा सीमेवर बसला.

आता ज्या प्रकारानं या कामाची खोली मला नीट दिसली, तो सांगतो. एका ग्राहकाकडे होस्टची सॅटा डिस्क गेस्टला जशीच्या तशी जोडून दिली होती, म्हणजे गेस्टच्या स्कझी कमांड सरळ होस्टच्या कर्नलकडे जात. व्हीएम चालू केली की सगळं सुरळीत. काही दिवसांनी बॅकअपच्या वेळी राइट फेल व्हायचे आणि फाइल सिस्टिम रीड-ओन्ली व्हायची. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. डिस्क बदलून झाली, केबल बदलून झाली. होस्टच्या कर्नलकडून येणारं उत्तर मात्र मीडिया एररचं नव्हतं, ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ होतं. डिस्क खराब झालेली नव्हती. रिक्वेस्ट डिस्कपर्यंत पोचतच नव्हती.

रिक्वेस्ट एक एमबीची होती आणि होस्टची मर्यादा १२८० केबी, म्हणजे आकारात काहीच गैर नव्हतं. पण लिफ्टमध्ये पाटी असते ना, ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’, तशा इथेही दोन अटी असतात. दुसरी अट तुकड्यांच्या संख्येची: होस्टच्या सॅटा डिस्कमागच्या एएचसीआय कंट्रोलरला एका कमांडमध्ये मेमरीचे जास्तीत जास्त १६८ वेगवेगळे तुकडे चालत होते. गेस्टला सलग दिसणारी मेमरी होस्टमध्ये सलग असतेच असं नाही. व्हीएम नुकतीच चालू झालेली असते तेव्हा होस्ट तिला दोन-दोन एमबीची मोठी पानं देतो, त्यामुळे एक एमबीचा बफर एखाद-दुसऱ्या तुकड्यात मावतो. दिवस जातात, होस्टची मेमरी विस्कटते, मोठी पानं फुटतात, आणि तोच एक एमबी चार-चार केबीच्या २५६ पानांत विखुरतो. २५६ हे १६८ मध्ये बसत नाहीत. नेहमीच्या मार्गानं गेलेली रिक्वेस्ट कर्नलनं फोडून दिली असती, पण थेट पाठवलेली स्कझी कमांड ते फोडत नाही. ती परतच येते.

उपाय हिशेबाचा आहे. सगळ्यात वाईट स्थिती धरायची: १६८ पानं, प्रत्येक चार केबीचं, म्हणजे ६७२ केबी. गेस्ट डिस्कला तिच्या मर्यादा विचारतो तेव्हा डिस्कचं उत्तर मधेच अडवून त्यात ही ६७२ केबीची मर्यादा भरायची. क्यूएमू आता नेमकं हेच करतं. गेस्टनं आधीच लहान मागितलं की फोडायची वेळच येत नाही. मला हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण फोडण्याचा निर्णय त्याच्या हाती राहतो ज्याला आपला डेटा कळतो.

प्रत्येक वेळी ते जमत नाही, मग फोडावंच लागतं. तिथे आकड्यांपेक्षा जबाबदारी मोठी. पाच तुकड्यांतले तीन लिहून झाले आणि चौथा फसला, तर गेस्टला सरळ एरर द्यायची. पहिले तीन डिस्कवर आहेत ही गोष्ट त्याच्या कामाची नाही. गेस्टनं ‘डेटा कायमचा टेकल्याशिवाय झालं म्हणू नका’ असं बजावून राइट पाठवला असेल, तर ते बजावणं प्रत्येक तुकड्यासोबत खाली गेलं पाहिजे. खालच्या डिस्कला ती सोय नसेल आणि आपण फ्लश करून तिची उणीव भरत असू, तर मात्र शेवटच्या तुकड्यानंतर एक फ्लश पुरतो. मधले फ्लश नुसता वेळ खातात. हा फरक कोडमध्ये दोन-तीन ओळींचा आहे, पण वीज गेल्यावर गेस्टमधला डेटाबेस उभा राहतो की नाही, ते या ओळींवर ठरतं.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा लाइव्ह मायग्रेशनची. गेस्ट डिस्कची मर्यादा सुरुवातीला एकदा विचारतो आणि तेच धरून चालतो. चालती व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेली आणि तिथला कंट्रोलर लहान तोंडाचा निघाला, तरी गेस्ट जुन्याच आकाराच्या रिक्वेस्ट पाठवत राहतो. त्याला पुन्हा विचारायला लावणारा खात्रीचा मार्ग नाही. म्हणून क्लस्टरमधल्या सर्व होस्टची सर्वांत लहान मर्यादा काढून तीच प्रत्येक व्हीएमला पहिल्या दिवसापासून सांगावी, असं मी प्रत्येक डिझाइन मीटिंगमध्ये मांडतो. वेगवान होस्टवर थोडा वेग जातो, हा आक्षेप दर वेळी येतो आणि तो खराही आहे. तरी मी तो आकडा वाढवू देत नाही. नवा होस्ट क्लस्टरमध्ये घेताना त्याची मर्यादा या आकड्यापेक्षा लहान असेल, तर त्याला आत घ्यायचं नाही, ही तपासणीही हा आकडा काढणाऱ्या कोडमध्येच हवी.