दासढुंगा ते शीतल निवास

काठमांडूच्या कलंकी चौकातून सकाळी सात वाजता गाडी निघाली, तेव्हा चालकदाइंनी विचारलं, "मनकामना की सौराहा?" या रस्त्याने जाणारा भारतीय एक तर देवीला जातो, नाही तर चितवनचे गेंडे बघायला. मी म्हटलं, "दासढुंगा." त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "पत्रकार हुनुहुन्छ, दिदी?"

डिसेंबर 2024 मधली ती सकाळ. थानकोट मागे पडलं, नागढुंग्याची खिंड ओलांडली आणि धुक्यातून गाडी वळणं घेत नौबिसेकडे उतरू लागली. नेपाळच्या पहिल्या महिला राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी यांच्यावर लिहायचं मनात होतं. आपल्या खानदेशातल्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये राष्ट्रपती भवनात गेल्या, तेव्हा घरोघर झालेलं कौतुक आठवत होतं. त्यानंतर आठ वर्षांनी शेजारी तेच घडलं आणि आपल्याकडे त्याची चार ओळींची बातमी झाली.

गल्छीपासून त्रिशूली सोबतीला आली. थंडीतली त्रिशूली हिरवीगार, शहाण्या मुलीसारखी. मालेखूला तळलेली मासळी खाताना दाइ मोकळे झाले. "विद्याजी राष्ट्रपती असताना त्यांची सवारी निघाली, की आमचं शहर थांबायचं. राजा गेला, सवारी राहिली!" सवारी हा राजाच्या मिरवणुकीचा शब्द. प्रजासत्ताकात तो कुणाला चिकटावा, तर राजेशाहीविरुद्ध लढलेल्या पक्षाच्या बाईला.

मुग्लिनला मर्स्याङ्दी त्रिशूलीला मिळते आणि रस्ताही फुटतो. एक फाटा पोखऱ्याला, दुसरा छत्तीस किलोमीटरवरच्या नारायणघाटला. 16 मे 1993 रोजी पोखऱ्याहून आलेली एक जीप इथूनच नारायणघाटच्या रस्त्याला लागली. आत होते विद्या भंडारींचे पती, एमाले या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस मदन भंडारी आणि नेते जीवराज आश्रित. मदन भंडारींनी 1991 च्या निवडणुकीत काठमांडूत थेट पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई यांना पाडलं होतं. बहुपक्षीय लोकशाहीला कम्युनिस्टांनी मनापासून स्वीकारावं, ही त्यांची मांडणी पक्षाने त्या प्रवासाच्या काही महिने आधीच मान्य केली होती.

दासढुंग्याला जीप नदीत गेली. दोन्ही नेते गेले, चालक तेवढा वाचला. सरकारी चौकशीने अपघात म्हटलं, पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ते कधीच मानलं नाही. 2003 मध्ये त्या चालकाचाही खून झाला आणि संशयाला आणखी एक गाठ बसली.

ढुंगा म्हणजे दगड, आपला धोंडाच. दोघांच्या स्मारकापाशी उतरले. खाली पाणी, वर कडा, मधून ट्रकांची रांग. याच रस्त्यावर सिमलतालला जुलै 2024 मध्ये दरडीने दोन बस नदीत लोटल्या. साठाहून अधिक माणसं त्यांत होती. इथे उभं राहिलं, की कट होता की अपघात हा वाद घालायला जीभ उचलत नाही.

त्या मे महिन्यात विद्या भंडारी एकतीस वर्षांच्या होत्या, पदरी दोन मुली. भोजपूर जिल्ह्यातल्या माने भंज्याङचा त्यांचा जन्म. विद्यार्थिदशेतच डाव्या चळवळीत आलेल्या, त्यामुळे राजकारण त्यांना नवऱ्याने शिकवलं, असं म्हणता येत नाही. पण उमेदवारीचं दार मात्र त्याच्या मृत्यूनेच उघडलं. 1994 च्या पोटनिवडणुकीत समोर तेच कृष्णप्रसाद भट्टराई होते. नवऱ्याने हरवलेल्या माणसाला बायकोनेही हरवलं. सहानुभूतीची लाट, असं सगळे म्हणाले. आपल्याकडेही दिवंगत आमदाराच्या पत्नीबद्दल हेच म्हणतात. पण लाट एकदाच येते. त्या नंतरही निवडून आल्या, पर्यावरणमंत्री झाल्या, 2008 मध्ये हरल्या आणि पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्री झाल्या.

स्मारकापासून थोड्या अंतरावरच्या हॉटेलात दालभात घेतला, सोबत गुंद्रुकची आंबट चव. वाढणाऱ्या दिदी वॉर्डाच्या माजी महिला सदस्य निघाल्या. 2015 च्या संविधानानंतर प्रत्येक वॉर्डात दोन स्त्रिया निवडून येणं बंधनकारक झालं, त्यांतली एक दलित. 2017 मध्ये देशभरात चौदा हजारांहून अधिक बायका स्थानिक कारभारात आल्या. दिदी त्यांतल्याच एक.

"बायकांच्या या राखीव जागांची सुरुवात विद्याजींनीच केली ना?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. मग भात वाढता वाढता, "पण माझ्या बहिणीच्या पोरीला नागरिकता मिळवताना नाकी नऊ आले. बाप सोडून गेलेला. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, बाबुको नाम?"

माझा घास तिथेच थांबला. 30 मे 2006 रोजी, राजाच्या थेट राजवटीनंतर पुन्हा भरलेल्या संसदेत, स्त्रियांच्या हक्कांचा ठराव मांडला तो विद्या भंडारींनी. राज्ययंत्रणेत तेहतीस टक्के जागा आणि आईच्या नावाने नागरिकता, हे दोन्ही त्यात होतं. माझ्या लेखी हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत उजळ दिवस. त्या दिवशी त्या कुणाच्या विधवा म्हणून बोलत नव्हत्या.

पुढे 28 ऑक्टोबर 2015 रोजी संसदेने 327 विरुद्ध 214 मतांनी त्यांना राष्ट्रपती केलं. त्याच महिन्यात ओनसरी घर्ती मगर सभापती झाल्या होत्या, दुसऱ्या वर्षी सुशीला कार्की सरन्यायाधीश. देशाच्या सर्वोच्च खुर्च्यांपैकी तीन खुर्च्यांवर एकाच वेळी तीन बायका. आपल्याकडे हे अजून घडलेलं नाही.

संध्याकाळ कलली तेव्हा काठमांडूला परतलो. दुसऱ्या दिवशी महाराजगंजला जाऊन राष्ट्रपतींचं शीतल निवास बाहेरून पाहिलं. राणांनी बांधलेला पांढरा महाल, दारात पहारा. विद्याजींनी आत केलेल्या सह्या आठवल्या. तेव्हाचे पंतप्रधान ओली यांच्या शिफारशीवरून डिसेंबर 2020 आणि मे 2021, अशी दोनदा त्यांनी संसद विसर्जित केली. दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. आणि एक सही, जी झालीच नाही. संसदेने दुसऱ्यांदा पाठवलेलं नागरिकता विधेयक सप्टेंबर 2022 मध्ये पंधरा दिवस टेबलावर पडून राहिलं आणि मुदत संपली. विधेयक आधी परत पाठवताना त्यांनी आक्षेप लिहून कळवले होते. बापाचा पत्ता नाही हे आईने स्वतः लिहून द्यायचं, ही अट बाईचा अपमान करणारी आहे, हा त्यांतला एक, आणि तो खोटा नव्हता. पण संविधान सांगतं, की दुसऱ्यांदा आलेल्या विधेयकावर सही करायचीच. ज्या मुलांच्या हातात कागदच नाही, त्यांना अपूर्ण कायदाही हवा होता.

मी परत आल्यावर तिथे बरंच बदललं. जुलै 2025 मध्ये एमालेने त्यांना पुन्हा सदस्यत्व द्यायला नकार दिला. ज्या पक्षासाठी नवरा गेला, त्याचंच दार बंद झालं. सप्टेंबरात तरुणांच्या आंदोलनात शीतल निवासलाही आग लागली आणि तीनच दिवसांनी तिथेच सुशीला कार्कींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

दासढुंग्याने विद्या भंडारींना संसदेची वाट दिली, यात त्यांचा दोष नव्हता आणि श्रेयही नव्हतं. 2006 चा ठराव त्यांचा होता आणि 2022 ची कोरी जागाही त्यांचीच. त्या जागेवर 31 मे 2023 रोजी त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांनी सही केली.