दसऱ्याच्या आतली भाजी

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरामागे 10 मीटर लांब व 6 मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. ती यंदा सातवीच्या वर्गाला परसबागेसाठी मिळाली आहे. मिळाली म्हणजे एका हंगामापुरती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत काही पालक म्हणाले की तिथे फरशी टाका, मुलांच्या सायकली राहतील. गुरुजींनी एक पावसाळा मागून घेतला. म्हणून बी मातीत टाकण्याआधी सगळे कागदावर नीट आखून घ्यायचे असे आम्ही ठरविले. दोन आठवडे आम्ही आखतोच आहोत. दुसरीतली मुले येऊन विचारतात, "ताई, बाग कुठंय?" बाग सध्या वहीच्या चार पानांवर आहे.

मागच्या वर्षी तिथे सपाट वाफे होते. मेथी आणि पालक चांगले वीतभर आले होते. मग जुलैमध्ये झड लागली आणि पाच दिवस सूर्य दिसला नाही. आपली जमीन काळी व चिकण आहे. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात आत जातो. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याला खाली जायला वाट राहत नाही. मुळांनाही हवा लागते. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी भरून राहिले की हवा निघून जाते व मुळे गुदमरतात. मेथी आधी पिवळी पडली, मग बुडापासून सडली. शेळ्यांनीसुद्धा तिला तोंड लावले नाही.

यावर उपाय म्हणजे गादीवाफा. गादी म्हटल्यावर वर्गातल्या एकाला हसू आवरेना, पण नाव बरोबर आहे. जमिनीपेक्षा उंच, वरून सपाट आणि आतून भुसभुशीत असा तो वाफा असतो. वरचे पाणी दोन्ही बाजूंच्या वाटांत उतरते आणि मुळे कोरड्यात राहतात. वांग्या-मिरचीची रोपे टाकण्यासाठी शेतकरी असे वाफे करतातच. आम्ही सगळी भाजीच त्यावर घेणार आहोत.

पुस्तकात वाफ्याची रुंदी 1 मीटर दिली आहे. बाईंनी सांगितले की आधी आपले हात मोजा. तिसरीतली मुले वाफ्याकडेला उकिडवी बसवून त्यांचा हात कुठवर पोचतो ते आम्ही पट्टीने पाहिले. बहुतेकांचा हात 45 सेंटिमीटरपर्यंत गेला. दोन्ही बाजूंनी मिळून 90 झाले. म्हणून आमचा वाफा 90 सेंटिमीटर रुंद. मधोमध उगवलेले तण काढायला कोणी वाफ्यावर पाय दिला तर भुसभुशीत माती पुन्हा दबते आणि सगळी मेहनत वाया जाते. लांबी 3 मीटर ठेवली. असे सहा वाफे आणि त्यांच्यामध्ये 45 सेंटिमीटरच्या पाच वाटा. उरलेल्या अर्ध्या जागेत यंदा फक्त कंपोस्टचा खड्डा. काही मुलांना बारा वाफे हवे होते. मला वाटते, सहा सांभाळता आले तरी खूप झाले.

उंची वाढवायला माती कोठून आणायची हा प्रश्न गणिताच्या तासाला सुटला. वाटा 10 सेंटिमीटर खोल खणायच्या आणि ती माती वाफ्यांवर टाकायची. पाच वाटा, प्रत्येक 3 मीटर लांब व 45 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 675 लिटर माती निघते. सहा वाफ्यांवर ती पसरली की 4 सेंटिमीटरांहून थोडी जास्त जाडी होते. वाट 10 सेंटिमीटर खाली गेली, वाफा 4 वर आला. शिवाय खणून ढेकळे फोडली की माती फुगते आणि शेणखतही पडते. मिळून 20 सेंटिमीटरपर्यंत उंची जाते. बाहेरून एक टोपलेही माती आणायला नको, आणि वाटा आपोआप चर होतात. जागेला ओढ्याकडे थोडा उतार आहे, त्याच दिशेने वाटा काढल्या आहेत. त्यांचे पाणी खालच्या कडेला जाईल तिथे केळी आणि अळू लावायचे. जेवणानंतर हात धुतलेले पाणीही तिकडेच वळवणार आहोत. सध्या ते नळाखाली साचते आणि त्यावर डास होतात.

शेणखत मात्र चांगले कुजलेलेच हवे. ताजे शेण घातले तर हुमणी आणि वाळवी लागते.

उन्हाचेही पाहिले. पश्चिमेला मोठा लिंब आहे. एका उघडीपीच्या दिवशी आम्ही दर तासाला सावलीच्या कडेवर खडे मांडले. भाजीला निदान सहा तास ऊन लागते. एका कोपऱ्यात तेवढे ऊन मिळत नव्हते, म्हणून कंपोस्टचा खड्डा त्या कोपऱ्यात नेला. लिंबाचा एक फायदाही आहे. खाली पडलेल्या निंबोळ्या वाळवून ठेवतो आहोत. मावा दिसला की लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून फवारायची.

इथपर्यंत सगळे सोपे गेले. अडले ते काय लावायचे यावर.

फळ्यावर मुलांनी भराभर नावे लिहिली. कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, फुलकोबी, कांदे. तेवढ्यात माझ्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "आम्ही तर दसरा झाला की कोयत्यावर जाणार. मग आम्ही खड्डे कशाला खांदायचे?" वर्ग एकदम गप्प झाला. आपल्या शाळेतली 11 मुले दरवर्षी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात हे सर्वांना माहीत आहे. त्यांतली चार आमच्याच वर्गात आहेत. ती जातात तेव्हा हजेरीपटावर नावे राहतात आणि बाक रिकामे होतात. ती कारखान्याच्या फडावर असताना आम्ही इथे त्यांनी लावलेली वांगी खायची, हे कोणालाच बरे वाटले नाही. बाईंनी फळा पुसला आणि नावांच्या जागी दिवस लिहायला सांगितले.

1 जुलै ते 30 सप्टेंबर हे 92 दिवस होतात. सर्वांनी मिळून खाता येईल अशी भाजी एवढ्या दिवसांत तयार झाली पाहिजे. मग घरोघरी विचारून आणि बाईंच्या पुस्तकात पाहून आम्ही प्रत्येक नावापुढे आकडा टाकला. मेथी आणि तांदुळजा 25 ते 30 दिवस. मुळा 40 ते 45. भेंडी पहिल्या तोड्याला 45 ते 50 दिवस घेते, गवार 50 ते 60. फुलकोबीला थंडी मानवते, ती बाद. कोथिंबीर सर्वांना हवी होती आणि चपलेखाली धने रगडायची मुलांना घाईही झाली होती, पण झडीत कोथिंबीर टिकत नाही. ती दिवाळीनंतर.

वांग्यावर दोन दिवस वाद झाला. माझी आजी म्हणाली, "बी इकत आणू नका. माझ्या गाडग्यात काटेरी वांग्याचं बी हाय, राखंत ठिवलंय." बी टाकून रोप तयार व्हायला पाच आठवडे आणि लावल्यावर पहिले वांगे यायला दोन महिने. म्हणजे आजीचे वांगे ऑक्टोबरात. तयार रोपे आणून जुलैच्या सुरुवातीला लावली तर वांगी सप्टेंबरात येतात. काही मुले म्हणाली, गावठी बी सोडून द्या. त्यावर बाईंनी राहीबाई पोपेरे यांची माहिती सांगितली. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी त्यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, तरी लोक त्यांना बीजमाता म्हणतात, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मंग मला काय मिळायचं?"

शेवटी दोन्ही घेतले. पाचव्या वाफ्यात आणलेली 10 रोपे. आजीचे बी आताच एका खोक्यात टाकायचे आणि मेथी निघून पहिला वाफा रिकामा झाला की ऑगस्टात ती रोपे तिथे लावायची. दुसऱ्या वाफ्यात तांदुळजा, त्याच्यामागे मुळा. तिसऱ्यात भेंडीच्या दोन ओळी, रोपारोपांत 30 सेंटिमीटर, म्हणजे 20 झाडे. वाण 'परभणी क्रांती'. तो आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने हळद्या रोगाला टक्कर द्यायला काढला. चौथ्यात गवार. कुंपणावर दोडका आणि कारले, ती कोणाला विचारत नाहीत, चढत जातात.

सहावा वाफा 11 मुलांचा. त्यांनी काय लावायचे ते त्यांनीच ठरवायचे होते. गुरुजींना वाटत होते पालक लावतील. त्यांनी काकडी मागितली. मैत्रीण म्हणाली, "काकडी शिजवायला नको. तोडली का खाल्ली." काकडीला 45 ते 50 दिवस लागतात, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी ती मुले इथेच असतील. मला त्यांची निवड आवडली. वेल उकिरड्यासारखा पसरू नये म्हणून तीन बांबू व सुतळी लावणार आहोत.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी मात्र आमचे विमान खाली आणले. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी आणि सहावी-सातवीच्या मुलाला 75 ग्रॅम असा हिशेब आहे. आपल्याकडे लहान 60 आणि मोठी 24. म्हणजे 3 किलो आणि 1 किलो 800 ग्रॅम, मिळून रोज 4 किलो 800 ग्रॅम भाजी. 20 भेंड्यांतून ती निघायची नाही. म्हणून असे ठरले की भाजी रोज थोडी थोडी तोडून संपवायची नाही. मेथी व तांदुळजा एकाच दिवशी काढायचा, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या ताटात परसबागेचीच भाजी.

गादीवाफ्याची एक खोडही लिहून ठेवते. तो पाणी लवकर सोडतो तसा लवकर वाळतोही. ऑगस्टात पावसाने ओढ दिली तर सपाट वाफ्याच्या आधी हा सुकेल. त्यासाठी वाफ्यावर दोन बोटे जाड सोयाबीनचे भुसकट पसरायचे आणि दोन झाऱ्या हाताशी ठेवायच्या. साबणाचे पाणी पालेभाजीला घालायचे नाही, ते केळीलाच.

मैत्रिणीने काल आणखी एक विचारले. "आम्ही परत येऊ तवा काय ऱ्हाईल?" ती मुले पाडव्याच्या आसपास परततात. तेव्हा वाफ्यात तण राहील. पण शेवगा जूनमध्ये लावला तर सहा-आठ महिन्यांत शेंगा धरतो, आणि उन्हाळ्यात त्याला पाणीही कमी लागते. त्यालाही साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून कुंपणाजवळ मातीचे दोन उंचवटे केले आहेत. बी परवा त्या मुलांनी स्वतः टोचले. ती नसताना पाणी घालायच्या पाळ्या लावल्या आहेत. सोमवारी माझी आहे.

पालकांना विनंती. येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत वाफे खणायचे आहेत. एका वाफ्याला तीन घमेली याप्रमाणे 18 घमेली कुजलेले शेणखत लागेल, आतापर्यंत 7 जमली आहेत. दोन टिकाव, एक फावडे आणि कुंपणाला जुन्या साड्या मिळाल्या तर हव्या आहेत. ज्यांच्याकडे बाभळीच्या काट्या आहेत त्यांनी त्या बैलगाडीत घालून स्वयंपाकघराच्या बाजूने आणाव्यात, पुढच्या दाराने नको, लहान मुले अनवाणी खेळतात.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी