क्रीपरला हात नाहीत, पण...

माईनक्राफ्टचा स्टीव्ह ऑक्टोबर २०२० मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'च्या आखाड्यात उतरला. त्याला झोंबी आणि एंडरमॅन अशी रूपंही मिळाली. क्रीपर मात्र लढवय्या म्हणून बाहेरच. बिचाऱ्याला हातच नाहीत! चार आखूड पाय, दुर्मुखलेला हिरवा चेहरा आणि एकच कला: जवळ येऊन फुटणे.

आमच्या न्यू जर्सीच्या घरात जेवताना असले विषय निघतात. चिरंजीवांचं म्हणणं, "बाबा, फुटला की तो स्वतःच मरतो. त्याला घेऊन खेळणार कोण?" झालं, माझ्यातला इंजिनियर जागा झाला. क्रीपरची वात दीड सेकंदाची. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ९० फ्रेम. चपळ ठोसा तीन-चार फ्रेममध्येच लागतो. तोवर समोरचा चहा पिऊन येईल!

पण मूळ गेममध्ये तुम्ही लांब पळालात की वात विझते. ती सोय खेळणाऱ्याच्या बटणावर द्यायची. पेटवा, विझवा, परत पेटवा. मग स्फोटापेक्षा तो 'स्स्स' आवाजच खरं शस्त्र. मी त्याला सुतळी बॉम्बचं सांगितलं. वात पेटली, आवाज नाही. आता फुसका आहे का ते बघायला पुढे कोण जाणार?

"म्हणजे ब्लफ!"

"हूल," मी म्हटलं. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मग वहीत, आपल्या क्रीपरच्या चित्राखाली, इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवला.

आता प्रश्न उरलाय मांजराचा. क्रीपर मांजराला घाबरून पळतो. ही खोड ठेवायची की काढायची, यावर आमचं अजून जमलेलं नाही.