तीनशे बाय अडीचशे

लोहगडच्या पानावर दुसऱ्या परिच्छेदाखाली ती बसते. मळवलीला लोकलमधून उतरायचं, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्याच्या रस्त्याला लागायचं, इथवरचा मजकूर संपतो आणि गायमुख खिंडीचा चढ सुरू होण्याआधी तिची जागा येते. रुंदी ३०० पिक्सेल, उंची २५०. जाहिरातीच्या धंद्यात या मापाला 'मीडियम रेक्टँगल' म्हणतात. जगभर हेच माप चालतं, म्हणून कोल्हापुरी चपलेची जाहिरात असो की जपानी गाडीची, काटछाट न करता तिच्यात मावते. मी तिला नुसती चौकट म्हणतो.

जागा मी नेमून दिली. तिच्यात काय दिसावं ते मात्र आजवर एकदाही मी ठरवलेलं नाही.

मी लोणावळ्यात राहतो. मावळातले गड, लेणी, पाऊलवाटा आणि इथली भातशेती यांवर मराठीतून लिहितो. वेबसाइट माझी एकट्याची, तिचा खर्चही माझाच. तो खर्च आता ही चौकट उचलते, म्हणून तिच्याविषयी लिहिणं मला गरजेचं वाटतं. इतकी वर्षं माझ्या घरात राहून, माझं भाडं भरून, ती माझ्यापेक्षा माझ्या वाचकाला जास्त ओळखते.

पान उघडलं की आधी अक्षरं येतात. चौकट अजून कोरी असते, कडेला एक बारीक करडी रेघ. त्या कोरेपणात ती गप्प नसते. समोर कोण आलंय ते ती बाजाराला कळवते. फोन कुठला, गाव कुठलं, पान कशावर आहे. वाचकाच्या ब्राउझरमध्ये आधीच्या भटकंतीच्या कुकी नावाच्या चिठ्ठ्या पडलेल्या असतात, त्या वाचून या माणसाने आठवडाभर काय काय शोधलं याचा अंदाज बांधला जातो. तेवढ्यावर लिलाव होतो. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगतात, आजूबाजूच्या चार माणसांना आकडा कळत नाही. इथेही तसंच. प्रत्येक जण आपला आकडा झाकून टाकतो, सगळ्यात मोठ्या आकड्याचं चित्र चौकटीत येतं. फरक इतकाच की बैलाचा सौदा व्हायला सकाळ जाते आणि हा सौदा डोळ्याची पापणी लवायच्या आत आटपतो. वाचकाची नजर दुसऱ्या परिच्छेदावर पोचते तेव्हा ती सजून बसलेली असते, जणू सकाळपासून तिथेच होती.

मग ठाण्याच्या माणसाला लोहगडच्या पानावर पवना धरणाकाठचे तंबू दिसतात. नाशिकच्या मुलीला त्याच जागी स्पर्धा परीक्षेचा क्लास दिसतो. मला एकदा पंधरा दिवस मिक्सर दिसत होता, कारण आमचा मिक्सर जळाला होता आणि मी दोनतीन ठिकाणी किमती पाहिल्या होत्या. नवीन मिक्सर घरी आला, त्यात चटणी वाटून झाली, तरी ती मिक्सरच दाखवत राहिली. तिची आठवण लांब आहे, पण झालेला व्यवहार तिला कळतोच असं नाही.

तिचं घराणं फार जुनं नाही. २७ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत हॉटवायर्ड नावाच्या साइटवर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची आडवी पट्टी झळकली, ती तिच्या घराण्यातली आद्य मानली जाते. तेव्हा सौदे माणसामाणसात व्हायचे, फोनवर. साइट वाढल्या तसं ते अशक्य झालं. माल विकणारे लाखो, लिहिणारे लाखो, कोण कोणाला फोन करणार? मधे कोणीतरी अडत्या लागतोच.

हे आपल्याला नवं नाही. बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरातसंस्था गिरगावात १९०५ साली उभी राहिली, ती याच गरजेतून. माल मुंबईत असायचा, वर्तमानपत्रं गावोगाव निघायची, दोघांची भेट घालणारा माणूस हवा होता. दिवाळी अंकांचे संपादक आषाढापासून पिशवी घेऊन सराफ, बँका, साखर कारखाने यांच्या पायऱ्या झिजवत आले आणि अजून झिजवतात. पाऊण पान, अर्धं पान, मलपृष्ठ, असे दर बोलत. त्या पिशवीतून मराठी कथेचं केवढं पोषण झालंय ते कोणी मोजलेलं नाही. मला त्या संपादकांबद्दल नितांत आदर आहे, पण माझ्या अंगात ती चिकाटी नाही. चौकटीने माझ्यासाठी त्या पायऱ्या झिजवल्या.

१९९६ मध्ये डबलक्लिक ही जाहिराती पुरवणारी कंपनी निघाली, २००३ मध्ये गूगलने ॲडसेन्स ही जाहिरातसेवा सुरू केली आणि लहान साइटवाल्याला पहिल्यांदा दार उघडलं. कोडच्या चार ओळी पानात चिकटवायच्या, बस्स. पण ते दार आमच्यासाठी नव्हतं. चौकटीला मराठी येत नव्हतं. पान कशावर आहे हे तिला वाचता यायला हवं, तरच ती शेजारी काय मांडायचं ते ठरवणार. हिंदी तिला २०१४ च्या डिसेंबरात आलं. मराठीसाठी २०१८ उजाडलं. अकरा महिन्यांचं पोर पहिल्यांदा 'बाबा' म्हणतं तसं मला त्या बातमीने झालं होतं. आठ कोटींहून जास्त माणसांची भाषा, तिच्यात लिहिलेलं पान आता बाजाराच्या लेखी कोरं नव्हतं.

मला ते पाकीट आठवतं. दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला ॲडसेन्सकडून साध्या टपालाने पत्र येतं. आत सहा आकड्यांचा पिन. तो खात्यात भरला तरच पुढचं गाडं चालतं. सगळा कारभार विजेच्या वेगाने चालवणारी ही मंडळी माणूस आहे की नाही हे पाहायला शेवटी पोस्टमनवर विसंबतात, याचं मला फार बरं वाटलं. जुलै होता. लोणावळ्याचा जुलै म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी. पोस्टमनकाकांनी रेनकोटच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, कोपरा भिजून मऊ झालेला. बाहेर आमचा पिनकोड ४१०४०१, आत त्यांचा पिन. दोन्ही सहा-सहा आकडी. कडा फाडून उलगडलं तर शाई शाबूत होती. ते पाकीट मी लोहगडच्या नकाशात घडी करून ठेवलंय.

तेव्हा लोकांनी त्या चित्रावर बोट ठेवलं की पैसे मिळायचे, ते आईला समजावून सांगितलं. तिने मनावर घेतलं. रोज दुपारी जेवण आटोपलं की फोन घेऊन बसायची आणि माझी पानं उघडून प्रत्येक चौकटीवर बोट ठेवायची. हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण आपल्या माणसांनी असं करणं सक्त मना आहे, खातं कायमचं बंद होऊ शकतं. चौकटीला प्रेम आणि लबाडी यांतला भेद कळत नाही, तिला एकाच घरातून रोज येणारी बोटं कळतात. आईला थांबवलं. "मग मी वाचू तरी का?" असं तिने विचारलं. वाच म्हटलं. ती आता वाचते आणि बेडश्याच्या लेण्यातले खांब तीन ओळींत उरकले म्हणून मला सुनावते.

पैशाचा रस्ता सांगतो, कारण तो उघड असायला हवा. पवनाकाठच्या तंबूवाल्याने गूगलमार्फत शंभर रुपये टाकले, तर साधारण पंधरा रुपये खरेदी करून देणारा ठेवतो. उरलेल्या पंच्याऐंशीतले वीस टक्के, म्हणजे सतरा, विक्री करून देणारा ठेवतो. माझ्या हाती अडुसष्ट येतात. अडत वजा जाता ही पट्टी वाईट नाही, मार्केट यार्डात कांदा नेणाऱ्याला विचारा. शिवाय शंभर डॉलर जमेपर्यंत हाती काही पडत नाही, त्यामुळे लहान माणसाचे महिनेच्या महिने त्यात जातात. पण माझं दुखणं अडतीच्या आकड्याचं नाही. खरेदीदाराचा दलाल तोच, विकणाऱ्याचा दलाल तोच आणि बाजाराची जागाही त्याचीच, हे मला पटत नाही. रुमालाखालचे दोन्ही हात एकाच माणसाचे असतील तर भाव खरा कसा मानायचा? अमेरिकेत व्हर्जिनियातल्या न्यायालयाने १७ एप्रिल २०२५ ला निकाल दिला, की साइटवाल्यांकडची जाहिरात-व्यवस्था आणि लिलावाचा बाजार या दोन्हींत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०२२ च्या जानेवारीत वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून गूगलची चौकशी लावली. एवढ्या मोठ्या दाव्यांत मावळातली एक चौकट कुठे दिसणार, पण दर तिचाही त्यातच ठरतो.

तिचा एक दोष मात्र तिचा नाही, आमचा आहे. पानात ती एकदाच असली तर शोभते. काही साइटवाले सात-आठ चौकटी भरतात, चार ओळींनंतर एक. वाचक वाट शोधत असतो आणि त्याचा अंगठा चुकून भलतीकडे पडतो. भर पावसात खिंडीत उभं राहून डावीकडे वळायचं की उजवीकडे हे शोधणाऱ्याला असं छळणं मला पाप वाटतं. माझ्या पानावर एकच.

गेल्या वर्षी, ११ जुलै २०२५ ला, मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आमचा लोहगड. त्या रात्री पानावर इतकी माणसं आली की मी जागाच राहिलो. चौकट प्रत्येकासाठी नवा लिलाव करत होती, प्रत्येकाला वेगळं काही दाखवत होती. विंचूकाट्यावरून पलीकडे पवनेचं पाणी दिसतं असं मी लिहिलंय, ते वाक्य मात्र सगळ्यांना एकच दिसलं.

चौकटीकडे पाहताना मला कधीकधी कार्ल्याच्या लेण्याचं दार आठवतं. चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, कित्येक धेनुकाकट नावाच्या गावचे, त्यांत यवनही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम, असं तिथे लिहिलंय. आणि दार दिलं ते सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, अत्तरं-सुगंधी विकणाऱ्या व्यापाऱ्याने. बोरघाटाच्या वाटेवरून माल जायचा, माणसं थांबायची, नावं वाचायची. ते दान होतं, जाहिरात म्हणणं बरोबर नाही. पण व्यापाऱ्याचं नाव वाटेवरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर राहावं ही इच्छा दोन हजार वर्षांपूर्वीही मावळात होती आणि त्या इच्छेवर इथलं फार सुंदर काही उभं राहिलं. सिंहदत्ताचं नाव ठाणेकराला आणि नाशिककराला एकच दिसतं.

पवनाकाठच्या त्या तंबूवाल्याला मी या मे महिन्यात पहिल्यांदा भेटलो. ठाण्याच्या वाचकाने माझ्या पानाचा फोटो पाठवला होता. वर माझी खिंड आणि खाली याचे तंबू, मागे तिकोना किल्ला. मला माझ्या फोनवर ती जाहिरात कधीच दिसली नव्हती, कारण त्याने ठाणे, अंधेरी, हिंजवडी एवढंच निवडलं होतं. मावळातल्या माणसाला तंबू कशाला दाखवायचा? दोन वर्षं त्याचे पैसे माझ्याकडे येताना कुठे कुठे फिरून येत होते आणि आमची घरं एका गाडीरस्त्यावर होती.

त्याच्या आईने इंद्रायणीचा भात आणि वालाची उसळ वाढली. हा तांदूळ वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहोराच्या वंशाचा, हे मी लिहिलेलं तिच्या मुलाने वाचलं होतं.

"दादा, ते तुमचंच होय? त्याच्याखाली माझा बोर्ड डायरेक लावा की. किती घ्याल?"

मला आकडा सांगता येईना. हजार वेळा विकलेल्या जागेचा भाव मला माहीत नव्हता, आणि हजार वेळा विकत घेतलेल्या जागेचा त्याला. आम्ही दोघांनी मग कागद घेतला. पावसाळ्यात किती माणसं पान बघतात ते मी सांगितलं, एका तंबूमागे त्याला काय उरतं ते त्याने सांगितलं. ताटं उचलली गेली तरी आमचं चाललंच होतं. अखेर एका वर्षाचा आकडा ठरला. अर्धे पैसे आता, अर्धे दिवाळीला आणि भात निघाला की दहा किलो इंद्रायणी वर.

लोहगडच्या पानावर आता अगदी तळाशी दुसरी जागा आहे. तिच्यात लिलाव नाही. पाणी, मागे तिकोना, खाली त्याचा फोन नंबर. चित्र त्याच्या बहिणीने काढलंय आणि तिकोन्याचा माथा थोडा जास्तच टोकदार झालाय, पण तो बदलून द्यायला मी सांगितलं नाही.