दह्यातले मटण

आमच्या अक्काला दोन वर्षे एकच घोर लागला होता. पोरगे तिकडे खाते काय? फोनवर विचारले की भाचा म्हणायचा, "सगळं मिळतं आई, तू काळजी करू नको." एवढ्यावर कोणत्या आईचे समाधान होते?

भाचा अल्बेनियात. हा देश शोधायला आम्हाला वस्तीतल्या अभ्यासिकेचा ॲटलास काढावा लागला. ग्रीसच्या वरच्या अंगाला, समुद्रापलीकडे इटली. २०२३ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली चोवीस लाखांच्या आसपास, आणि त्याच वर्षी बाहेरून आलेल्या पाहुण्यांची नोंद एक कोटीच्या वर. घरची तरुण पिढी कामासाठी इटली, ग्रीस, जर्मनीला निघून गेलेली. मग हॉटेलांना माणूस मिळेना, म्हणून फिलिपिन्स, बांगलादेश, नेपाळ, भारत इकडून पोरे नेऊ लागले. आमच्या भाच्याला एका एजंटाने साडेतीन लाख घेऊन 'समुद्रकाठच्या हॉटेलात कुक' म्हणून पाठवले. त्यासाठी अक्काने बचत गटाचे कर्ज काढले आणि कानातले मोडले.

वाचक विचारतील, कारकुनाला परदेशवारी परवडली कशी? कॉमर्स शिकलेलो आहोत, हिशेब आधीच सांगून टाकतो. पतपेढीचे कर्ज, साठलेली रजा, आणि लग्नाला वीस वर्षे होऊनही आम्ही उभयतांनी महाबळेश्वरसुद्धा पाहिलेले नव्हते ही सबब. २०२४ च्या मे महिन्यात इस्तंबूलला विमान बदलून तिरानाला उतरलो. विमानतळाला नाव मदर तेरेसांचे. त्या वंशाने अल्बेनियन, हे तिथे गेल्यावर नीट ध्यानात आले. सहचारिणीच्या पिशवीत काळा मसाला, कारळाची चटणी आणि अक्काने बांधून दिलेल्या दशम्या.

भाचा घ्यायला आला होता. वाळलेला दिसला, पण हसत होता. त्याचे काम दुरेस या बंदराच्या गावी, राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर. आम्ही म्हटले, चल, आधी तुझे हॉटेल बघू. तर म्हणाला, "मामा, आधी तिराना बघा, मग गिरोकास्तर बघा. दुरेसला काय, शेवटी जायचंच आहे." दोन दिवसांची रजा त्याने काढली होती.

तिरानाच्या मोठ्या चौकाभोवती इंग्रजी पाट्यांची, पदार्थांचे रंगीत फोटो लावलेली हॉटेले आहेत. ब्लोकू नावाचा भाग आहे, तिथे १९९१ पर्यंत फक्त सत्ताधारी पक्षाचे पुढारी राहत आणि सामान्य माणसाला पाऊल टाकायची बंदी होती. आता तिथे कॉफीची दुकाने, आणि एकेक कप घेऊन माणसे दोन-दोन तास बसलेली. त्यांच्या पैशाचे नाव लेक. (सहचारिणी म्हणाल्या, नाव चांगलं आहे, खर्च करवत नाही.) तेव्हा, २०२४ साली, एक लेक म्हणजे आपले नव्वद पैसे धरायचे. त्या हिशेबात ही हॉटेले आमच्या खिशाला झेपणारी नव्हती.

मग आम्ही आमची मुंबईची युक्ती काढली. दुपारी बारा वाजता ड्रायव्हर आणि हमाल कुठे वळतात ते बघायचे. तिकडे गावोगाव जाणाऱ्या टपरवजा गाड्या असतात, त्यांना फुर्गोन म्हणतात. अशाच एका ड्रायव्हरच्या मागे आम्ही एका बोळात शिरलो. पाटी नाही, दाराला जाळीचा पडदा, आत सहा टेबले. काचेमागे दहा-बारा पातेली. बोट दाखवायचे, वाढून मिळते. अशा खानावळीला जेलतोरे म्हणतात. 'जेल' म्हणजे कालवण. तुरुंगाशी संबंध नाही, एवढा खुलासा सहचारिणींसाठी करावा लागला.

तिथे आम्ही फर्गेस खाल्ली. ढोबळी मिरची आणि टोमॅटो मऊ शिजवून त्यात खारट, दाणेदार चक्क्यासारखे जीझ घालतात आणि मातीच्या वाडग्यात खदखदत आणून ठेवतात. सोबत पाव. तिखट नाममात्र. सहचारिणींनी पिशवीतून काळा मसाला काढून चिमूटभर भुरभुरला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने बोटाने चव मागितली, चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली.

सकाळचा नाश्ता ब्यूरेकचा. चपातीपेक्षाही पातळ पापुद्र्यांच्या थरात पालक, जीझ किंवा खिमा घालून मोठ्या परातीत भाजतात आणि तुकडे कापून देतात. तेव्हा शंभर लेकच्या आत पोट भरायचे. सोबत धाल. धाल म्हणजे काय, तर आपले मीठ घातलेले ताक!

१९१२ पर्यंत तिथे तुर्कांचे राज्य होते, त्यामुळे शब्दही ओळखीचे निघतात. हिशेबाला हेसाप. खिशाला जेप. ताव म्हणजे भाजायचे भांडे, आपल्या तव्याचाच नातेवाईक. आणि कोणी जेवला का हे विचारायचे असेल तर 'भाकर खाल्ली का' असेच विचारतात. 'बुक' म्हणजे पाव, आणि 'बुक' म्हणजेच जेवण. हे ऐकून सहचारिणींना परदेशात आल्यासारखे वाटेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने एका दुकानात नेले. तिथे फक्त पाचे मिळते. मेंढीची मुंडी रात्रभर उकळून केलेला दाट रस्सा, वर लसूण आणि व्हिनेगर. आपला पाया आणि त्यांचे पाचे एकाच फारसी मुळाचे. रात्रपाळी करून आलेले कामगार तिथे होते, कडक इस्त्रीचे सूट घातलेले साहेबही होते, एकाच बाकावर, एकमेकांकडे पावाची टोपली सरकवत. बाजूच्या दुकानात सळीवर कुकुरेच भाजत होते, म्हणजे आतडी, काळीज, फुफ्फुस सारे गुंडाळून केलेले. ते भर रस्त्यावर, सर्वांच्या नाकासमोर. आम्ही बराच वेळ बघत उभे राहिलो. ऑफिसात नवे लागलो तेव्हा डब्यात वजडी असली की आम्ही टेबलाच्या कोपऱ्याला जाऊन जेवत असू. कोणी विचारले, काय आणलंय, तर 'भाजी' म्हणून सांगत असू. किती वर्षे? मोजली तर सात भरतील. पाचेचा दुसरा वाडगा आम्ही मागितला तो भुकेने नव्हे.

तिसऱ्या दिवशी भाच्याने आम्हाला गिरोकास्तरच्या बसमध्ये बसवून दिले आणि स्वतः कामावर गेला. डोंगरउतारावरचे दगडी गाव, छपरेसुद्धा दगडी पाट्यांची; २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चाळीस वर्षे देशावर पोलादी सत्ता गाजवणारा एन्वर होजा याच गावचा. बाजारातल्या हॉटेलांवरून पुढे जाऊन, चढ संपतो तिथे एका घराच्या ओट्यावर तीन टेबले दिसली. आत आजीबाई चिफ्ची करत होत्या. भात, अंडी आणि पुदिना एकत्र कालवून गोळे करतात, आणि ते तळायला खळगे असलेला तवा. अगदी आप्पेपात्र! सहचारिणींनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. आजीबाईंना वाटले, विकत हवाय.

तिथेच आमची फजिती झाली. आजोबांनी राकी आणली, द्राक्षांची दारू. पाहुण्याला दिल्याशिवाय राहत नाहीत. आम्ही पाचवे शील पाळणारे. हसून आडवी मान हलवली. त्यांनी पेला भरला. आम्ही आणखी जोरात मान हलवली. त्यांनी खुशीत दुसरा पेला आणला. तिकडे जुनी माणसे 'हो' म्हणायला मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणायला वर उचलतात, हे भाचा सांगायला विसरला होता. शेवटी शेजारच्या पोराने समजावले. आजोबा जरा हिरमुसले, मग आत जाऊन धालचा तांब्या घेऊन आले आणि स्वतःही आमच्याबरोबर तेच प्याले.

पाचव्या दिवशी दुरेस. भाचा स्टँडवर आला. समुद्र दाखवला, रोमन काळचे दगडी प्रेक्षागृह दाखवले. तेही १९६६ पर्यंत घरांखाली गाडलेले होते म्हणे. हॉटेल म्हटले की हा विषय बदलायचा. मॅनेजर कडक आहे, पाहुणे चालत नाहीत. एका बाकावर बसून आम्ही दशम्या काढल्या. त्याने हात पुढे केला आणि सहचारिणींनी तो तसाच धरून ठेवला. बोटांची टोके पांढरी, सुरकुतलेली, नखांच्या कडेची कातडी सोललेली.

"हे हात फोडणीचे नाहीत," त्या म्हणाल्या. "भांड्यांचे आहेत."

सहचारिणींच्या आईने पंचवीस वर्षे चार घरची भांडी घासून त्यांना शिकवले. त्यांना कोण फसवणार?

पोरगे खाली बघत राहिले. मग सगळे बाहेर आले. समुद्रकाठच्या हॉटेलात त्याला पहिल्या दिवसापासून मोरीवरच उभे केले होते. हंगाम संपला, हॉटेलला कुलूप लागले. दोन महिने इकडेतिकडे काढल्यावर गल्लीतल्या एका जेलतोरेत काम मिळाले, तेही भांड्यांचेच. "मामा, आईनं कानातलं मोडलंय. तिला काय सांगू?"

आम्ही म्हटले, आधी भूक लागली आहे. तुझ्या त्या खानावळीत चल.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यामागे, टायरच्या दुकानाला लागून ती खानावळ होती. आम्ही एकटे असतो तर सापडली नसती. मालकीणबाई साठीच्या, डोक्याला पांढरा रुमाल. आम्ही मामा-मामी आहोत हे कळताच त्यांनी सहचारिणींचे दोन्ही गाल चुंबले आणि आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेले. भाचा दुभाषी झाला. दोन वर्षांत त्याने ती भाषा किती उचलली होती, ते आम्हाला तिथेच समजले.

बाई मूळच्या एल्बासानच्या, आणि एल्बासान ज्यासाठी ओळखले जाते ती ताव कोसी त्यांच्या खानावळीत रोज असते. कोस म्हणजे दही. मेंढीच्या मटणाचे तुकडे लोण्यावर परतून लसणासह मऊ शिजवायचे. मूठभर तांदूळ. लोण्यात थोडे पीठ भाजून त्यात भरपूर दही आणि अंडी फेटून घालायची, ते सारे मटणावर ओतून भट्टीत ठेवायचे. पाऊण तासाने वरचा थर फुगून सोनेरी होतो. आम्ही कपाळाला हात लावला. मटण, आणि दह्यात! आपल्याकडे कोणी असे केले तर सासू उठून जाईल.

भांडे भट्टीत असताना बाई बोलत होत्या. त्या तरुण असताना दूध रेशनवर. पहाटे दोन-तीनला रांग लागायची, थंडीत उभे राहवेना म्हणून लोक पिशवी किंवा दगड ठेवून नंबर धरायचे. मटण ठरावीक, तेही मिळाले तर. खेड्यातल्या माणसाला स्वतःची मेंढी पाळायची मुभा राहिली नव्हती. १९९१ साली सत्ता कोसळू लागली तशी माणसे मिळेल त्या वाटेने निघाली. त्या ऑगस्टमध्ये याच दुरेस बंदरातून व्लोरा नावाच्या एका जहाजावर वीस हजारांच्या आसपास माणसे चढून इटलीला गेली, आणि बहुतेकांना परत पाठवले गेले. या बाई आणि त्यांचे यजमान डोंगर चढून पायी ग्रीसमध्ये गेले. यजमान थेस्सालोनिकीच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागले, बाई लोकांची घरे पुसायच्या. ग्रीसमध्ये मंदी आली तेव्हा साठवलेले घेऊन परतले आणि ही खानावळ टाकली.

"किती वर्षे घासली भांडी?" सहचारिणींनी विचारले.

बाईंनी एका हाताची पाच बोटे तीनदा दाखवली. मग भाच्याकडे बोट करून काही बोलल्या. तो सांगेना. आम्ही आग्रह केला तेव्हा कान लाल करून म्हणाला, "म्हणतात, हा त्यांच्यापेक्षा चांगली घासतो. पण आता रविवारी सुट्टी घेत नाही, माझ्याजवळ उभा राहून रांधायला शिकतो. आजची ताव यानं लावलीय, मी फक्त बघितली."

भांडे बाहेर आले. भात किंचित गिचका झाला होता, खरे ते सांगायला हवे. बाकी दही मटणात असे मुरले होते, की काळ्या मसाल्याची पुडी पिशवीतून निघाली नाही. सोबत मक्याची भाकरी आणि लोणच्यातल्या मिरच्या. बाई स्वतः जेवायला बसल्या नाहीत, आमची ताटे रिकामी होताहेत का ते बघत उभ्या राहिल्या. पैसे घेतले नाहीत. आम्ही 'हेसाप, हेसाप' म्हणत राहिलो, त्यांनी मान वर उचलली. आता आम्हाला त्याचा अर्थ कळत होता.

निघताना सहचारिणींनी भाच्याला म्हटले, "आईला फोन लाव. इथूनच."

आपल्याकडे रात्र झाली होती. अक्का पडद्यावर आली. मागे ट्यूबलाइट, हातात तांदळाची परात. आधी आम्हाला विचारले, "पोरगं काय खातंय?" भाच्याने भांडे दाखवले. "मटण आहे आई. दह्यातलं. मी केलंय."

"दह्यात मटण? नासलं नाही का रे?"

मग त्याने फोन फिरवला. मोरी दाखवली, नळ दाखवला, पालथ्या घातलेल्या ताटांची चळत दाखवली. "आई, मी हे काम करतो. कुक नाही. शिकतोय अजून."

अक्का काही बोलेना. आम्हाला वाटले, लाइन तुटली. परातीतला तांदूळ तेवढा हाताखाली हलत होता.

"पाणी गरम असतं का रे तिथं?" तिने विचारले.

"असतं आई. नळालाच येतं."

"हातांना तेल लावत जा रात्री," अक्का म्हणाली. "आता त्या बाईला दाव."